पाळीव पोपट कुणाकडून घेतलात? कोल्हापूर परिसरातल्यांनी आपापला अनुभव लिहा

धाकट्या मुलीला पक्षी पाळायचाय. दोन वर्षं मागे लागलीय, आता आम्ही दोघांनीही मनावर घेतलंय. गेला महिनाभर शाहूपुरीपासून जयसिंगपूरपर्यंत फिरतोय. दुकानं बघितली, घरीच पक्ष्यांची पैदास करणारे चारजण बघितले. एकाकडे पिंजरे लखलखीत, पण पिल्लं कुठली विचारलं की "बाहेरनं येत्यात" एवढंच उत्तर. दुसऱ्यानं मी चप्पल काढायच्या आत विचारलं, "दिवसभर घरात कोण असतंय? मांजर हाय काय?" त्या प्रश्नानं मला बरं वाटलं. पण नुसतं बरं वाटलं म्हणून वीस-वीस वर्षं जगणारा जीव घरी आणायचा का?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपला हिरवा राघू, करण पोपट, तुइया हे सगळे इथले रानपक्षी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. त्यामुळे त्यांचा 'चांगला ब्रीडर' असा प्रकार नसतोच. बोलायचं ते बजरी, कॉकाटील, आफ्रिकन लव्हबर्ड, कोन्यूर असल्या परदेशी जातींबद्दल.

कुणाकडून घेतलात, काय बघून घेतलात, पुढे काय झालं ते लिहा. फसवणूक झाली असेल तर तीही लिहा, फक्त कुणाचं नाव आणि नंबर नको.

शिवाजी पेठ

आमच्या आजोबांच्या वाड्यात राघू होता, त्या काळी घरोघर असायचा. त्या आठवणीनं मीही सहा-सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये आठवडी बाजारातून एक पिल्लू आणलं. विकणाऱ्यानं पोत्याचं तोंड उघडलं तेव्हा आत दहा-बारा पिल्लं एकमेकांवर चढून बसलेली. निम्म्यांना धड पिसं नव्हती. "घरातच काढलीयात" म्हणाला. घरात काढलेल्या पिल्लांच्या नखांत झाडाच्या ढोलीतला भुसा कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला राघूची घरटी भरलेली असतात आणि नेमकी तेव्हाच बाजारात पिल्लं येतात, यातच सगळं आलं.

घरी शेजारच्या शिक्षकबाईंनी समजावलं, तसा वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला. ते येऊन घेऊन गेले. मला रागावले नाहीत, पण पोत्यातल्या बाकीच्या पिल्लांचं काय, हे त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आता गच्चीवर पाणी आणि मूठभर मक्याचे दाणे ठेवतो, रोज संध्याकाळी थवा येतो.

राजारामपुरी

मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या हातून एक पिल्लू गेलंय.

कॉकाटीलचं पिल्लू, वय तीन आठवडे. अंगावर पिसांचे काटे फुटलेले, डोक्यावर तुरा येऊ घातलेला. विकणारा म्हणाला, "ताई, आत्ताच न्या. तुम्ही हातानं भरवला की तुमच्यावर जीव लावंल. सेल्फ झाल्यावर, म्हंजे आपलं आपण खायला लागल्यावर, कुणाला ओळखत न्हाई." सोबत पावडरचं पाकीट, एक सिरिंज आणि दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक. झालं शिक्षण.

ती पावडर किती गरम असावी हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं की साधारण ३९ ते ४१ अंश. जास्त झाली तर गळ्याची पिशवी आतून भाजते, गार झाली तर अन्न तिथेच तुंबतं आणि आंबतं. मी मनगटावर थेंब टाकून बघायचे, बाळाच्या दुधासारखं. चौथ्या दिवशी सकाळी बघितलं तर रात्रीचं जेवण पिशवीत तसंच होतं. बोट लावलं तर ओल्या कणकेसारखं लागलं आणि चोचीला आंबूस वास. त्याला ऊब हवी म्हणून मी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "पाणी पाजा." डॉक्टरांकडे नेईपर्यंत दुपार झाली. त्यांनी पिशवी रिकामी केली, औषध दिलं, पण रात्री गेलं ते. तेव्हा मुलगा सातवीत होता. त्यानं सिरिंज धुऊन डबीत ठेवली, ती अजून आहे.

वर्षभर नाव काढलं नाही. मग आमच्या डॉक्टरांनीच एका गृहस्थांचा पत्ता दिला. गेलो, पिल्लू आवडलं, मी पैसे काढले, तर ते म्हणाले, "आज देत नाही. अजून एकदा भरवणं चालू आहे." त्यांच्याकडे शाळेची शंभरपानी वही होती. प्रत्येक पिल्लाचं पान वेगळं आणि रोज सकाळचं उपाशीपोटीचं वजन. आमच्याचं ९४ ग्रॅमवरून ८६ वर आलेलं बघून मी घाबरले, तर त्यांनी मागची तीन पानं उलटून दाखवली. उडायला लागायच्या वेळी सगळीच पिल्लं थोडी उतरतात. पुढे स्वतः खायला लागली की वजन थांबतं आणि मगच ते देतात. आम्ही साडेआठ आठवडे पुरे झाल्यावर आणलं. त्या दिवशी आमच्यासमोर वाटीत राळा, बाजरी आणि शेवग्याचा पाला ठेवला आणि पिल्लू स्वतः खाऊन दाखवेपर्यंत आम्हाला चहा पाजत बसवून ठेवलं.

आणि जीव लावायचं म्हणाल तर आठ आठवड्यांनी आणलेलं हे पिल्लू मी दारात स्कूटी लावली की शीळ घालतं. तीन आठवड्यांचं दिलं तरच माणसाळतं हे साफ खोटं आहे. ज्याला भरवायचे कष्ट नको असतात तो हे सांगतो.

इचलकरंजी

थोडक्यात. आफ्रिकन ग्रे पोपटाचं पिल्लू, फोटो सुंदर, किंमत इतरांच्या निम्मी. "अर्धे आत्ता टाका, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून डबा पाठवतो." आठ हजार टाकले. मग "विम्याचे" अडीच हजार मागितले तेव्हा शंका आली. मी म्हटलं, कागदावर आजची तारीख लिहून पिल्लाशेजारी धरा आणि व्हिडिओ कॉल करा. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे आलेले नाहीत.

जिवंत पक्षी डब्यात घालून रात्रभर गाडीच्या डिकीतून पाठवायला जो तयार होतो, तो खरा असता तरी त्याच्याकडून घ्यायला नको होता. हे मला पैसे गेल्यावर सुचलं.

कसबा बावडा

मी स्वतः बारा वर्षं बजरी आणि कॉकाटील काढतोय, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. (आपल्याकडे बजरीलाच लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, बजरी ऑस्ट्रेलियाची. विकणाऱ्यालाच हा फरक सांगता येत नसेल तर तिथून निघा.)

लोक म्हणतात, ब्रीडिंगची खोली दाखवत नाही म्हणजे लपवतोय. दरवेळी तसं नसतं. अंड्यावर बसलेली मादी अनोळखी माणूस बघून उठते, कधी अंडी फोडते. शिवाय तुम्ही त्याच सकाळी दुसऱ्या दुकानात हात लावून आलेला असता, त्याचा रोग माझ्याकडे येतो. मी आत कुणाला घेत नाही. पण जाळीतून आई-बाप दाखवतो, अंड्यांच्या पेटीतले फोटो तारखेसकट दाखवतो. जो आई-बापसुद्धा दाखवत नाही, तो बहुतेक दुसरीकडून आणून विकणारा.

रिंगबद्दल. बंद रिंग पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना पायात सरकवतात. नंतर पंजा मोठा होतो, मग ती घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. त्यामुळे पक्षी पिंजऱ्यात जन्मला याची ती बऱ्यापैकी खूण. चिरलेली, दाबून बसवलेली रिंग कधीही घालता येते, तिच्यावर जाऊ नका.

एका जोडीचे वर्षाला दोन हंगाम घेतो, मग मटकी (अंडी घालायचं छोटं मडकं) काढून ठेवतो. मटकी कायम टांगलेली असली की बजरी थांबतच नाही, मादी खंगते. कुणाकडे गेलात तर माद्यांच्या छातीचं हाड बघा. सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर समजायचं. आणि भाऊबहिणीची जोडी लावतो का, हे तोंडावर विचारा. मला विचारलेलं आवडतं. राग येतो तो "शेवटचं किती लावणार" एवढंच विचारणाऱ्याचा.

दोन महिन्यांच्या करड्या कॉकाटीलचा नर-मादी नुसतं बघून कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पहिली पिसं झडेपर्यंत दोन्ही सारखीच दिसतात. पिसावरून डीएनए करून मिळतं, तो कागद मागा.

गडहिंग्लज

बावड्याच्या दादांनी रोगाचं लिहिलंय त्याला धरून. रिंग होती, आई-बाप बघितले होते, माणूस चांगला, तरी माझं नुकसान झालं, आणि चूक माझीच. नवा ग्रीन चीक कोन्यूर आणला आणि त्याच संध्याकाळी जुन्याच्या शेजारी ठेवला. तीन आठवड्यांनी जुन्याची पिसं वेडीवाकडी यायला लागली. चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार निघाला, त्यावर औषध नाही. नवा वरून ठणठणीत होता, तपासणीत तोही बाधित निघाला. ब्रीडरला कळवलं तर त्यांनी वाद घातला नाही. आपल्या सगळ्या जोड्यांची तपासणी केली, विक्री बंद ठेवली आणि निकाल मला पाठवले. माझा पक्षी गेला तरी या माणसाचं नाव मी विचारणाऱ्याला आजही देतो.

नवीन पक्षी कितीही खात्रीचा असला तरी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात. आणि आधी जुन्याचं करून मग नव्याकडे जायचं.

नागाळा पार्क

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या जिन्यापर्यंत आलं. चारजण, दोन बॅगा आणि एक पिंजरा. निवारा केंद्रात पिंजरा कुठे ठेवणार? ज्यांच्याकडून पक्षी घेतला होता त्यांना फोन केला, तर पावसात छत्री घेऊन ताराबाई पार्कच्या कोपऱ्यावर उभे राहिले. अठरा दिवस सांभाळला, दाण्याचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. विकताना म्हणाले होते, "कधी जमलं नाही तर दुसऱ्याला देऊ नका, मला परत आणून द्या." तेव्हा ते बोलण्यापुरतं वाटलं होतं.

रुईकर कॉलनी

कागदपत्रांचं मी लिहितो, नोकरीत आयुष्यभर तेच केलं.

बजरी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीत नाहीत. कोन्यूर, मकाव, काकाकुवा हे आहेत. आफ्रिकन ग्रे तर २०१७ पासून सगळ्यात कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. या यादीतला पक्षी बाळगायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लू झालं, पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, तर तेही कळवायचं असतं. म्हणजे सन कोन्यूर विकणाऱ्याकडे त्याच्या नावावर नोंद पाहिजे आणि तुमच्या नावावर करून द्यायची तयारी पाहिजे. "नंतर बघू, कोण विचारतंय" म्हणाला की उठायचं. मी दोघांकडून उठलो, तिसऱ्यानं समोर लॅपटॉप उघडला.

साध्या कॉकाटीललासुद्धा पावती घ्या. त्यात रिंग नंबर, जन्मतारीख, आई-बापांच्या रिंगचे नंबर आणि सात दिवसांत डॉक्टरांनी दोष काढला तर परत घेण्याची हमी लिहून घ्या. आणि निळा किंवा पिवळा रिंगनेक "परदेशी आहे" म्हणून गळ्यात मारतात. रंग बदलला तरी जात आपल्या राघूचीच. मी त्या वाटेला गेलो नाही.

मंगळवार पेठ

आमचा ग्रे ब्रीडरकडचा नाही, सासूबाईंच्या मैत्रिणीकडून आला, नोंदीसकट. त्या ७९ वर्षांच्या, पक्षी १४ चा. ही जात चाळीस-पन्नास वर्षं सहज जगते, त्यामुळे त्यांना आपल्यामागे त्याचं काय ही काळजी होती. बेल वाजली की तो त्यांच्या आवाजात "आलो, आलो" म्हणतो, अस्सल कोल्हापुरी बाईसारखा. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा मुलगा पुण्याहून येतो तेव्हा मुद्दाम बेल वाजवून दारात थांबतो.

पिल्लू शोधणाऱ्यांनी असा वयस्क पक्षी कुठे घराच्या शोधात आहे का, हेही ब्रीडरला विचारावं. चांगल्या ब्रीडरला असे दोन-तीन पक्षी माहीत असतातच.

धागा सुरू करणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. राजारामपुरीच्या ताईंचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, आपण उशिरानेच आणू.

मांजराचं विचारणाऱ्या त्या गृहस्थांकडे काल परत गेलो. आई-बाप जाळीतून बघितले, दोघांच्या छातीवर मांस भरलेलं, शेपटीखाली स्वच्छ. रिंग बंद आहे. वजनाची वही नव्हती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडे लिहिलेले होते, तेवढं मला चाललं. पिल्लू साडेपाच आठवड्यांचं आहे, अजून तीन आठवडे तिथेच राहील. दर रविवारी मुलीला घेऊन या म्हणालेत, येताना दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला हात लावून येऊ नका, एवढीच अट. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा असेल तर पिंजरा तिथे ठेवायचा नाही, तापलेल्या थराच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरतो, हेही त्यांनीच सांगितलं. तवा आजच काढून टाकला.

आता एकच अडलंय. पक्ष्यांचं खरोखर कळणारे डॉक्टर कोल्हापुरात किंवा सांगलीत कुणाला माहीत असतील, तर पिल्लू घरी यायच्या आत त्यांना एकदा भेटून ठेवायचंय.