सेलेनियम अल्फावरून फायनलवर: जुनी मेथड गेली, नवीही सापडेना

बाणेर_क्यूए

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं की उलटप्रश्नांतच दोन पानं जातात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

बाणेरच्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करते. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे: खातं उघडणं, ठेवी, कर्ज, वारसनोंद. जावा ८, त्यावर स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क, २.५. ते संस्थांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं आहे, त्यामुळे लवकर हलणार नाही. तेव्हा 'आधी सगळं अपग्रेड करा' हा सल्ला कृपया नको. तो चहाच्या टपरीवर रोज फुकट मिळतो.

ऑटोमेशन एका सीनिअरने लिहून ठेवलंय. तो आता कॅनडात असतो आणि मेसेजला अंगठा दाखवतो. त्याने सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारी लायब्ररी) ४.०.०-अल्फा-६, म्हणजे फायनलच्या आधीची कच्ची व्हर्जन, घेतलं होतं, आणि त्याला कारणही होतं. आमच्या फॉर्ममधल्या खोक्यांचे आयडी प्रत्येक वेळी नवे तयार होतात, त्यामुळे आयडीवरून शोधायची सोय नाही. त्याने रिलेटिव्ह लोकेटर वापरले, म्हणजे 'वारसदाराचे संपूर्ण नाव' या लेबलच्या उजवीकडचं इनपुट अशा पद्धतीने शोधायचं. त्या वेळी हे फक्त अल्फातच मिळत होतं. टेस्ट मुकाट चालायच्या, कोणी हात लावला नाही.

आता दोन गोष्टी एकदम झाल्या. टेस्टचा प्रोजेक्ट स्वतंत्र होता, तो मुख्य प्रोजेक्टच्या आत मॉड्यूल म्हणून हलवला. आणि एका संस्थेच्या ऑडिटरला लायब्ररींच्या यादीत 'अल्फा' हा शब्द दिसला, त्याने त्यावर लाल शेरा मारला. म्हणून पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलची फाइल, जिच्यात लायब्ररी आणि त्यांच्या व्हर्जन लिहितात) सेलेनियम-जावा ४.१.० लिहिलं.

लगेच 'विथटॅगनेम' ही मेथड (कोडमधून बोलवायची तयार क्रिया) नाही म्हणून कंपाइल अडलं. डॉक्युमेंटेशनमध्ये पाहिलं तर तिथे आता नुसतं 'विथ' आहे आणि त्याला 'बाय.टॅगनेम' द्यायचं. ठीक, तसं केलं. तर 'विथ'सुद्धा नाही! नीट पाहिलं तर वरची इम्पोर्टची ओळच लाल. 'लोकेटर्स' नावाचं पॅकेजच अस्तित्वात नाही म्हणतोय.

एडिटरची कॅशे पुसली. लोकल रिपॉझिटरीतलं सेलेनियमचं अख्खं फोल्डर उडवून परत डाउनलोड केलं. काही फरक नाही.

आणि खरी गंमत पुढे. लीड म्हणाला, परत अल्फा लाव, ऑडिटरला मी बघतो. लावलं. तर जी टेस्ट जुन्या फोल्डरमधून आजही बिनतक्रार चालते, तीच, तोच अल्फा-६ लिहूनही, नव्या जागी कंपाइल होत नाही. जुनी मेथड नाही, नवी नाही. मग आहे तरी काय?

अजगर_औंध

माझं काम पायथनमध्ये. आमच्याकडे असंच झालं होतं. 'फाइंड एलिमेंट बाय आयडी' वगैरे सगळी जुनी कुटुंबकबिल्यासकट मंडळी ४.३ मध्ये काढून टाकली, जून २०२२ मध्ये. अर्ध्या पुण्याची फ्रेमवर्क त्या आठवड्यात आडवी झाली होती. तुमचंही तेच, मेथड काढली असणार. ४.१ च्या जागी दुसरी एखादी व्हर्जन लावून बघा.

बाणेर_क्यूए

काढली असती तर तिच्या जागची नवी सापडायला हवी होती ना? आणि अल्फा-६ मध्ये अल्फा-६ चीच मेथड कशी नसेल?

कोथरूडचा_बिल्डवाला

प्रश्न नीट लिहिल्याबद्दल आधी आभार. इथे बहुतेक लोक मोबाईलने काढलेला मॉनिटरचा फोटो टाकतात, त्यात एररपेक्षा ट्यूबलाइट जास्त दिसते.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यांत आहे. एकच टेस्ट, पॉममध्ये एकच व्हर्जन, जागा बदलली की निकाल बदलतो. म्हणजे मेथडला काही झालेलं नाही. तुम्ही लिहिता ती व्हर्जन आणि मेव्हन आणतो ती व्हर्जन वेगळी आहे. मेथड हरवली की लोक डॉक्युमेंटेशन उघडतात. मी आधी विचारतो, कुठली जार, म्हणजे लायब्ररीची फाइल, चाललीय? डॉक्युमेंटेशन नंतर.

नव्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये 'एमव्हीएन डिपेन्डन्सी:ट्री' चालवा (प्रत्यक्ष कुठल्या लायब्ररीची कुठली व्हर्जन आली त्याचं झाड छापतं) आणि त्यातल्या सेलेनियमच्या ओळी इथे टाका. फक्त सेलेनियमच्या. पूर्ण झाड नको, मागे एकाने टाकलं होतं, स्क्रोल करता करता अंगठा दुखला.

बाणेर_क्यूए

हे घ्या. अल्फा काढून ४.१.० परत लावून चालवलंय:

सेलेनियम-जावा: ४.१.०
सेलेनियम-एपीआय: ३.१४१.५९
सेलेनियम-क्रोम-ड्रायव्हर: ३.१४१.५९
सेलेनियम-रिमोट-ड्रायव्हर: ३.१४१.५९
सेलेनियम-सपोर्ट: ३.१४१.५९
डेव्हटूल्सच्या सगळ्या: ४.१.०

३.१४१.५९ मी कुठेही लिहिलेलं नाही. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सर्च मारला, एकही जागा नाही.

कोथरूडचा_बिल्डवाला

हा आकडा लांबून ओळखू येतो. सेलेनियम ३ ची ही शेवटची व्हर्जन, नोव्हेंबर २०१८ ची. पायची किंमत आहे ती, ३.१४ नंतर एकेक अंक वाढवत नेला होता. रिलेटिव्ह लोकेटर आले सेलेनियम ४ मध्ये, म्हणून इथे ते पॅकेजच नाही. विथटॅगनेमही नाही आणि विथही नाही. तुमच्या 'आहे तरी काय'चं उत्तर हे.

आता हा आकडा आला कुठून? तुमच्या पॅरेंटकडून, म्हणजे ज्या वरच्या पॉमच्या सेटिंग्ज आपोआप लागू होतात तिच्याकडून. मॉड्यूल मुख्य प्रोजेक्टमध्ये हलवलं तेव्हा त्याला स्प्रिंग बूटचा पॅरेंट मिळाला. शेकडो लायब्ररींच्या कोणत्या व्हर्जन एकमेकींशी जुळतात याची बूटकडे तयार यादी असते. २.५ च्या यादीत सेलेनियमपुढे ३.१४१.५९ आहे. तुम्ही सर्च मारलात तुमच्या फोल्डरमध्ये, ती ओळ आहे बूटच्या पॉममध्ये.

मेव्हनचा नियम असा: तुम्ही स्वतः ज्या लायब्ररीपुढे व्हर्जन लिहिता, तिच्यापुरतं तुमचं ऐकलं जातं. ती लायब्ररी आपल्यासोबत ज्या बाकीच्या आणते, त्यांच्या बाबतीत पॅरेंटची यादी चालते. सेलेनियम-जावा या जारमध्ये स्वतःचा माल जवळजवळ नसतोच, बाकीच्यांना बोलावून आणणं हेच तिचं काम. तिच्यापुढे ४.१.० राहिलं आणि खरा कोड जिथे असतो त्या एपीआय, सपोर्ट, रिमोट-ड्रायव्हर सगळ्या ३ वर गेल्या. पाटी एका दुकानाची, माल दुसऱ्याचा. डेव्हटूल्सच्या जार ४ मध्ये नव्याने आल्या, जुन्या यादीत त्यांचं नावच नाही, म्हणून त्या वाचल्या. ही खिचडी दिसली की निदान पक्कं. अल्फा लिहिलंत तेव्हाही हेच झालं, म्हणून ती टेस्ट तिथे कंपाइल झाली नाही.

उपाय एका ओळीचा. तुमच्या पॉममधल्या प्रॉपर्टीजमध्ये 'सेलेनियम.व्हर्जन' या नावाने ४.१.० लिहा. बूट हेच नाव वाचतो. मात्र बूट पॅरेंट म्हणून न घेता त्याची यादी नुसती इम्पोर्ट केली असेल, तर ही प्रॉपर्टी चालणार नाही. तेव्हा तुमच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये सेलेनियमच्या जार एकेक करून लिहाव्या लागतील. मग परत ट्री चालवा. सगळीकडे एकच आकडा दिसेपर्यंत टेस्ट चालवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा विथटॅगनेमचा. ट्री सरळ झाल्यावरही ती मिळणार नाही. ती अल्फाच्या काळातली. फायनलमध्ये 'विथ' केलं ते बरंच झालं, आधी फक्त टॅगचं नाव देता यायचं, आता कुठलाही लोकेटर देता येतो. पहिली अल्फा एप्रिल २०१९ ची, फायनल १३ ऑक्टोबर २०२१ ची. मध्ये सात अल्फा, चार बीटा आणि वर आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट. एवढ्या काळात नावं बदलणारच, अल्फा त्यासाठीच असते. जाता जाता पानाची वाट बघणारा 'वेबड्रायव्हरवेट'ही बघून घ्या. नुसता १० लिहून सेकंद द्यायची पद्धत बाद होऊन 'ड्युरेशन' आलंय.

ऑडिटरच्या बाजूने एक शब्द बोलतो, मला शिव्या पडल्या तरी चालतील. त्याने शेरा मारला ते बरोबर केलं. पायथनसाठी लायब्ररी आणणारा पिप तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय प्री-रिलीज घेत नाही. मेव्हनला स्नॅपशॉट हा एकच शब्द वेगळा कळतो. व्हर्जनच्या शेवटी तो नसेल तर अल्फा काय, बीटा काय, सगळं पक्कं रिलीज म्हणून रिपॉझिटरीत जाऊन बसतं. कुठे पिवळी पट्टीसुद्धा दिसत नाही. तुमचा कॅनडावाला तीन ओळींची नोट ठेवून गेला असता, की हे का घेतलंय आणि फायनल आल्यावर काय बदलायचं, तर हा धागा निघाला नसता.

रनटाइम_पिंपरी

बिल्डवाल्या काकांच्या उत्तरात थोडी भर. ताई, तुमचा एरर कंपाइल करतानाच आला हे नशीब. ही खिचडी रनटाइमला फुटली की 'नो सच मेथड एरर' येतो आणि माणूस भ्रमिष्ट होतो, कारण एडिटरमध्ये क्लिक केलं की मेथड समोर दिसत असते.

आणखी एक खोड. जावा कंपाइल झालेल्या कोडमध्ये मेथडच्या नावासोबत तिला काय देता आणि ती काय परत देते, हे दोन्ही नोंदवतो. प्री-रिलीजमध्ये कोणी फक्त परत देण्याचा प्रकार बदलला, तर नाव तेच, कंसातलं तेच, तरी जुन्या जारवर कंपाइल झालेल्या कोडला ती मेथड 'नाही'. सोर्समध्ये एक अक्षर न बदलता नुसतं क्लीन करून परत कंपाइल केलं की चालायला लागतं. लोक म्हणतात जादू झाली.

शोधायला दोन हत्यारं. 'जावापी'ला जार आणि क्लासचं नाव दिलं की आत प्रत्यक्ष कुठल्या मेथड आहेत ते छापतं. आणि जावाला 'व्हर्बोज:क्लास' देऊन चालवलं की प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून उचलला ते दिसतं. लॉग प्रचंड येतो, ग्रेपने गाळूनच वाचा.

जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जे-युनिटमध्येही हेच पाहिलंय. जे-युनिट ५ मध्ये ज्युपिटर आणि प्लॅटफॉर्म असे भाग आहेत, ज्युपिटर ५.९ असेल तर प्लॅटफॉर्म १.९ लागतो. आकडे वेगळे असल्यामुळे कोणीतरी एकच वाढवतो आणि लाँचर उभाच राहत नाही. २०२५ मध्ये जे-युनिट ६ आलं, त्यात दोघांना एकच आकडा केला. पण त्याला जावा १७ लागतं, म्हणजे ताईंच्या कामाचं नाही.

बाणेर_क्यूए

काका, प्रॉपर्टी टाकली. ट्रीमध्ये सगळीकडे ४.१.०. कंपाइल झालं, माझ्या लॅपटॉपवर अख्खा संच हिरवा! लीडने स्वतः येऊन ट्री बघितला आणि 'मला वाटलंच होतं' म्हणाला.

आता जेन्किन्सवर (सर्व्हरवर टेस्ट आपोआप चालवणारं टूल) वेगळंच. मेथड सापडते, पण एलिमेंट सापडत नाही. वारसनोंदीच्या स्क्रीनवर 'टू राइट ऑफ' वापरलेल्या टेस्ट पडतायत. 'बिलो' वापरलेल्या चालतात. लॅपटॉपवर दोन्ही चालतात. परत जारचा घोळ का?

कोथरूडचा_बिल्डवाला

जार दोन्हीकडे तीच असेल तर नाही. ट्री तिथेही एकदा चालवून खात्री करा आणि जारचा विषय बंद करा.

जेन्किन्सवर क्रोम हेडलेस, म्हणजे स्क्रीनवर खिडकी न उघडता, चालत असेल. खिडकीचा आकार सांगितला नसेल तर हेडलेस क्रोम ८०० बाय ६०० घेतो. तेवढ्या रुंदीत तुमचा फॉर्म दोन रकान्यांचा एक रकाना होत असणार. 'वारसदाराचे संपूर्ण नाव' हे लेबल लांब, इनपुट त्याच्या खाली सरकतं. उजवीकडे काही उरतच नाही, तर सापडणार काय? रिलेटिव्ह लोकेटर पानाचा कोड वाचून ठरवत नाहीत, ब्राउझरने काढलेल्या चौकटींचे पिक्सेल मोजतात. 'निअर'ची मर्यादाही अशीच, काही सांगितलं नाही तर ५० पिक्सेल.

क्रोमच्या ऑप्शन्समध्ये 'विंडो-साइज' १९२०,१०८० द्या आणि पडलेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट सेव्ह करायची सोय ठेवा.

यानंतर सवड मिळाली की ४.१३ पर्यंत जा. ४.१४ पासून किमान जावा ११ लागतं, तेव्हा तुमची हद्द तीच. फायदा असा की ४.६ पासून क्रोमड्रायव्हर हाताने जुळवत बसावा लागत नाही, सेलेनियम मॅनेजर आणून देतो. आज नको, संच जेन्किन्सवर हिरवा झाल्यावर. आणि डेव्हलपरकडून प्रत्येक खोक्याला टेस्टसाठी एक कायमचा अ‍ॅट्रिब्यूट मागून घ्या. मग उजवं-डावं मोजायचं कारणच उरणार नाही.

बाणेर_क्यूए

८०० बाय ६०० च होतं. स्क्रीनशॉटमध्ये इनपुट लेबलच्या खाली गेलेलं स्पष्ट दिसतंय. आकार दिला, चाललं. मराठी लेबलांवरच पडत होत्या, इंग्रजी भाषा निवडली की त्याच टेस्ट ८०० मध्येही पास. इंग्रजीत तिथे नुसतं 'नॉमिनी' आहे.

अ‍ॅट्रिब्यूटचं टिकिट मी आल्याआल्याच टाकलं होतं. 'लो प्रायॉरिटी' लावून पडलंय. आता हा स्क्रीनशॉट त्याला जोडते.

अजगर_औंध

ऑडिटरला पण सीसी करा. टिकिट दुपारपर्यंत हलेल.