पाईप घेतला, आत फिल्टर निघाला

तंबाखू ओढायचा पहिलाच ब्रायरच्या लाकडाचा पाईप ऑनलाईन मागवला, वर्णनात फिल्टरचं नावसुद्धा नव्हतं आणि स्टेम (तोंडात धरायची नळी) काढून बघतो तर आत ९ मिमीचा फिल्टर. काढून टाकला तर हवा भसकन येते आणि आत पाणी गुळगुळतं. वर बाऊलवर (तंबाखू भरायची वाटी) दोन-तीन ठिकाणी पुट्टी भरल्यासारखे डाग. फसलो का?

— नाही रे. ९ मिमी जर्मनीत एकदम कॉमन, बऱ्याचदा आत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन असतो. रिकामा ओढू नको, त्या मोकळ्या जागेत वाफ थंड होऊन पाणी साठतं. फिल्टरच्या जागी बसणारी छोटी नळी, म्हणजे अडॅप्टर मिळतो, तो बसव.

— फिल्टर आहे म्हणजे धोका कमी, असं मात्र कोणी समजू नका.

— डाग नुसते दिसायला वाईट, ब्रायरमध्ये खड्डे असतातच. खरी टेस्ट म्हणजे पाईप क्लीनर (साफ करायची मऊ तार) स्टेममधून घाल, तो बाऊलच्या अगदी तळाशी निघाला पाहिजे, धुराचं भोक वर असेल तर खालची तंबाखू ओलीच राहते, मग सरळ परत कर. आणि गरम असताना स्टेम उपसू नको, मी एक तसाच तोडलाय 😅

— घातला, तळाशीच निघाला! अडॅप्टर मागवतो.