मदत हवी आहे : पिंपळगाव ते दिल्ली ट्रकवर नव्याने जाणार आहे, झोपेचे नियोजन कसे करावे?

नमस्कार. मी निफाड तालुक्यातला असून आजवर पिकअपवर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात भाजीपाला वाहत आलो आहे. जड वाहनाचा परवाना हाती आल्यावर पिंपळगाव बसवंतहून दिल्लीच्या आझादपूर मंडीत कांदा नेणाऱ्या दहाचाकी ट्रकवर काम ठरले आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांना एक ज्येष्ठ चालक सोबत असतील. पुढे ते दुसऱ्या गाडीवर जातील आणि माझ्याबरोबर फक्त क्लीनर राहील, असे मालकांनी आधीच सांगितले आहे. तेव्हा गाडीची आणि त्या मुलाच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर असेल, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

कागदपत्रांची मला फारशी चिंता नाही. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी आणि नॅशनल परमिट यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आहेत, फास्टॅग मालक भरतात आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा १०३३ हा क्रमांक क्लीनरलाही पाठ करायला सांगितला आहे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतला असून त्याची माहिती घरी देऊन ठेवली आहे. नव्या चालकांनी निदान एवढे तरी करावेच, असे माझे मत आहे.

खरी काळजी झोपेची आहे. अंतर बाराशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि कांदा वेळेवर पोहोचला नाही तर त्या दिवसाचा लिलाव हुकतो, माल आणखी एक दिवस उन्हात तापतो आणि व्यापारी भाड्यातून पैसे कापतो. परतीच्या मालाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या ई-वे बिलाला (जीएसटीखाली माल नेताना ऑनलाइन काढायच्या कागदाला) दर २०० किलोमीटरला एक दिवस याप्रमाणे मुदत मिळते, म्हणजे एवढ्या अंतराला जवळजवळ आठवडा. कांद्याला असे बिलच लागत नाही. तिथे घाई बाजाराची असते आणि तिला कागदावर मर्यादा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात रस्त्यावर तिच्याविषयी बोलताना मी कोणालाही ऐकलेले नाही.

त्यात उन्हाळ कांद्याचा हंगाम म्हणजे नेमका एप्रिल-मे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली असली, तरी आमची गाडी त्याआधीची आहे. ग्वाल्हेरच्या बाजूला दुपारी केबिनमध्ये झोप लागणे शक्य नाही, म्हणून सगळेच रात्री गाडी चालवतात. आणि पहाटे दोन ते पाच या वेळेत तर शरीर आपोआप झोपेकडे झुकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर ४ सेकंद डोळा लागला, तर ती ६५ मीटरांहून अधिक अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना जाते. चहा, तंबाखू किंवा ढाब्यावर मिळणाऱ्या गोळ्यांवर रात्र काढायची नाही, हे मी पक्के ठरवले आहे. त्यामुळे कृपया गोळ्यांचे सल्ले देऊ नयेत.

या मार्गावर किंवा अशाच लांब पल्ल्यावर काम केलेल्या चालकदादांनी पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. रात्री दोनच्या आधी गाडी लावून पाचला पुन्हा निघालो, तर मंडीची वेळ गाठता येते का, की पिंपळगावहूनच काही तास लवकर निघणे हा एकमेव उपाय आहे? सेंधवा ते ग्वाल्हेर या पट्ट्यात रात्रभर उजेड असलेली, डिझेल आणि स्टेपनी चोरीला जाणार नाही अशी थांबण्याची जागा कोणती? दुपारी झोपण्यासाठी झाडाखाली खाट मिळते, असे ऐकले आहे. परंतु त्या वेळी भरलेल्या गाडीकडे कोण पाहते?

घाटाविषयी थोडेसे. चांदवडच्या पुढे राहुड घाट भरल्या गाडीने उतरावा लागतो आणि परतीला बिजासन घाट उतरणीचा येतो. न्यूट्रलवर गाडी सोडली की इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात, एवढे मला ठाऊक आहे. मात्र पूर्ण भरलेली दहाचाकी गाडी कोणत्या गिअरमध्ये उतरवायची आणि घाटाच्या किती आधी गिअर पाडायचा, हे अनुभवी माणसाकडूनच कळेल.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. मालक मनाने चांगले आहेत, वयाने वडिलांसारखे आहेत. परंतु रात्री तीनला त्यांचा फोन आला आणि “थांबू नकोस, लिलाव जाईल,” असे ते म्हणाले, तर त्यांचा मान राखून नकार कसा द्यावा? नोकरी न गमावता कोणी असा नकार दिला असेल, तर त्यांनी नेमके काय सांगितले, ते शक्य झाल्यास त्याच शब्दांत लिहावे. झोपेचे तास कामावर रुजू होण्याआधीच ठरवून घेतले असतील, तर ती बोलणी कशी केली हेही सांगावे. मला अजून रुजू व्हायचे आहे.