मदत हवी आहे: 'मारिया ला देल बार्रिओ' मूळ स्पॅनिशमध्ये कुठे मिळेल?

थालिया आणि फर्नांडो कोलुंगाची १९९५ची ही मेक्सिकन मालिका पहिल्या भागापासून बघायची आहे. स्पॅनिश शिकतेय, त्यामुळे डब केलेली नको. मूळ आवाज आणि खाली स्पॅनिश किंवा इंग्रजी सबटायटल्स हवीत. नेटवर शोधून झालं. सोराया व्हीलचेअरवरच्या अलिसियावर किंचाळते तो प्रसंग जिथेतिथे सापडतो (मीमवाल्यांची कृपा!), पण सलग भाग काही मिळाले नाहीत. हिचं मूळ, म्हणजे वेरोनिका कास्त्रोची १९७९ची मालिका, नंतर बघेन, आधी हीच. पैसे भरायची तयारी आहे, फक्त भारतातलं कार्ड चालायला हवं आणि व्हीपीएनची भानगड नको. सध्या भारतातून कुठल्या अ‍ॅपवर ही रीतसर बघता येते आणि सबटायटल्स खरंच सगळ्या भागांना आहेत का?