विषय: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत, पाच दिवसांत काय काय दाखवू?

सप्रेम नमस्कार मंडळी,

१२ नोव्हेंबरला माझे आई-बाबा सांगलीहून येतायत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बाबा ७२ वर्षांचे. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर निवांत चालतात, जिने मात्र जड जातात. आई ६८ची, वारकरी घरातली, पूर्ण शाकाहारी. अंडंही चालत नाही.

गुरुवार १३ ते सोमवार १७ मी रजा टाकली आहे. यादी अशी केली आहे: गुरुवारी शिबुया, हाराजुकू, मेइजी जिंगू आणि शिंजुकू. शुक्रवारी राजवाड्याची पूर्व बाग, टोकियो टॉवर, गिंझा. शनिवारी आसाकुसा, स्कायट्री, आकिहाबारा. रविवारी फुजी, पहाटे निघून रात्री परत. सोमवारी उएनोची संग्रहालयं आणि संध्याकाळी ओदाइबा.

यात काही राहिलंय का? ज्यांनी आपल्या आई-वडिलांना फिरवलंय त्यांनी जरूर सांगा.

– निशिकासाईहून

*

उत्तर: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत

अरे, राहिलं काहीच नाही. उलट दररोजची एक-दोन ठिकाणं काढून टाकायची आहेत.

आधी दोन चुका सांगते, म्हणजे फेरा पडणार नाही. पूर्व बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, आणि तू नेमका शुक्रवार धरला आहेस. उएनोची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आणि नोव्हेंबरच्या मध्याला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आपण इथे राहूनही विसरतो. दुपारी तीननंतर बाग ठेवलीस तर अंधारच दाखवशील.

माझे सासू-सासरे आले तेव्हा मी तुझ्यासारखीच यादी केली होती. दोन दिवसांत नऊ ठिकाणं. तिसऱ्या दिवशी एका स्टेशनात, गाडी बदलायच्या वाटेवर, सासूबाई जिन्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, “आता मला घरी ने.” उरलेले दिवस त्या खिडकीशी बसून होत्या. परत त्या कधी आल्या नाहीत. त्यांना टोकियो आवडलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण त्यांना ते बघायला मी उसंतच दिली नाही. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

या शहरात माणूस प्रेक्षणीय स्थळांनी दमत नाही, स्टेशनांनी दमतो. तेव्हा दिवसाला एक भाग धर आणि गाडी बदलणं जितकं टाळता येईल तितकं टाळ. प्रत्येक स्टेशनात लिफ्ट कुठल्या दाराशी निघते ते आदल्या रात्री नकाशावर बघून ठेव. दोन स्टेशनांचं अंतर असेल तर सरळ टॅक्सी कर. शहरात पहिल्या किलोमीटरभराला ५०० येन पडतात. तिघांत ते काही जास्त नाहीत.

गुरुवारी आसाकुसा. शनिवारी नको, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आठ-साडेआठला पोच. नाकामिसेची दुकानं तेव्हा नुकती उघडत असतात, पण त्यामुळेच कामिनारिमोन दरवाजापासून सेन्सोजी देवळापर्यंतची ती अडीचशे मीटरची वाट मोकळी मिळते. कथा सांगायला विसरू नकोस: ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, परत सोडली तर परत आली. कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला हे नाव सांगितलं की चेहरा बदलतो. आताचं मुख्य देऊळ १९५८चं आहे, जुनं १९४५च्या बॉम्बवर्षावात जळलं. समोर मोठ्या धुपाटण्यातून धूर निघत असतो. तो दुखऱ्या जागेवर ओढून घ्यायची पद्धत आहे. बाबांना गुडघ्यावर घ्यायला सांग.

आणि मग, इथेच सगळे परत फिरतात, तू फिरू नकोस. देवळाच्या मागून नदीच्या कडेने दहा-बारा मिनिटं चाललं की एका लहानशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे. सेन्सोजीच्याच अखत्यारीतलं देऊळ. शोदेन म्हणजे गणपती. कांगितेन असंही म्हणतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आला आणि इथलाच झाला. मूर्ती दाखवत नाहीत, ती कायम पडद्याआड असते, हे आईंना आधी सांगून ठेव म्हणजे विरस होणार नाही. इथे दूर्वा-मोदक नाहीत, मुळा वाहतात. पांढरा लांब दाइकोन. देवळातच विकत मिळतो. भिंतींवर, पायऱ्यांवर, कंदिलांवर सगळीकडे मुळा आणि पैशाची थैली कोरलेली दिसेल. वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून लोकांना घरी न्यायला ठेवतात. पायऱ्या आहेत, पण बाजूने चढणारा एक छोटा डबा आहे, बटण दाबलं की येतो. बाबांची सोय त्यानेच होईल.

तिथे कुणी परदेशी पाहुणे फारसे नसतात. म्हातारी जपानी माणसं येतात, मुळा ठेवतात, हात जोडतात आणि जातात. मला विचारशील तर सगळ्या टोकियोत आपल्या माणसांना दाखवायची ही पहिली जागा.

शुक्रवारी १४ तारीख. सुगामोला ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते, तेव्हा तो दिवस हातचा घालवू नकोस. ओजीला ये, मी स्टेशनवर थांबते. तिथून आपण ट्राम घेऊ. महापालिकेची ही एकच ट्राम उरली आहे, १२ किलोमीटरची, आणि फलाट उताराने चढायचे असल्यामुळे एकही पायरी लागत नाही. कोशिन्झुकाला उतरलं की पुढे जिझो-दोरी, म्हाताऱ्यांची बाजारपेठ. लोकरीचे मोजे, चहा, लोणची, लाल बनियनं (लाल रंगाने अंगात ऊब राहते अशी समजूत). तिथल्या देवळात एक दगडी कान्नोन उघड्यावर उभी आहे. आपल्या अंगाचा जो भाग दुखतो, मूर्तीचा तोच भाग पाणी घालून फडक्याने पुसायचा. रांग असते. लोक शांतपणे उभे असतात, कुणी खांदा पुसतं, कुणी कंबर.

शनिवारी १५ तारीख, म्हणजे शिचिगोसान. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून देवळात आणतात. मेइजी जिंगूला याच दिवशी जा. गर्दी असेल, पण अशी गर्दी बघायलाच जायचं असतं. बाबांना झाडांचं सांग: १९२० साली हे देवस्थान झालं तेव्हा तिथे जंगल नव्हतं. देशभरातून लोकांनी दिलेली एक लाखाच्या आसपास झाडं लावून ते उभं केलं, आणि पुढे हातही न लावता त्याचं त्याला वाढू दिलं. वाटेवर बारीक खडी आहे, सावकाश चाला. परत हाराजुकूला येऊ नका. उत्तरेच्या दाराने योयोगीला निघा, तिथून ओएदो लाइनने दुसरं स्टेशन तोचोमाए. शिंजुकूच्या स्टेशनात पायही न टाकता तुम्ही तोचोच्या, म्हणजे टोकियो सरकारच्या उंच इमारतीच्या, खाली पोचता. ४५व्या मजल्यावरून, २०२ मीटरवरून, सगळं शहर फुकट दिसतं. हवा स्वच्छ असेल तर सूर्यास्ताला पश्चिमेला फुजीची आकृती उमटते. चारच्या आत वर असा. हा फुजी पुरे. रविवारचा प्रवास काढून टाक, अर्धा दिवस बसमध्ये जाईल.

रविवारी उएनो. राष्ट्रीय संग्रहालयात ७० वर्षांवरच्यांना कायमचं दालन मोफत आहे, बाबांचा पासपोर्ट बरोबर ठेव. तिथल्या तोयोकान इमारतीत गांधारच्या मूर्ती आहेत. दोन तासांच्या वर नको. नंतर शिनोबाझु तळ्यातलं बेन्तेनचं देऊळ. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. बऱ्याच मूर्तींच्या हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं. नोव्हेंबरात तळ्यातली कमळाची पानं वाळलेली असतात, पण बदकं आलेली असतात.

सोमवारी हामारिक्यू. शोगुनांची बाग. तिच्यातल्या तळ्यात समुद्राचं पाणी येतं आणि भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं. मध्ये चहाघर आहे, तिथे बसून हिरवा चहा आणि गोड वडी मिळते. मग शिओदोमेहून युरिकामोमे. ही गाडी चालकाशिवाय चालते, तेव्हा सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत एखादी गाडी सोडून द्या. पुलावर चढण्याआधी ती पूर्ण गिरकी घेते.

शिबुयाचा चौक येता-जाता एकदा दाखव, दहा मिनिटं पुरतात. स्कायट्री खालूनही चांगला दिसतो.

– ओजीची काकू

*

उत्तर: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत

काकूंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त खाण्यापुरतं.

दादा, “निकु तो साकाना वा ताबेमासेन” एवढं बोलून भागत नाही. मांस-मासे खात नाही म्हटलं तरी मासळीचं पाणी त्यांच्या हिशेबात मासा नसतो. मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, सोबाबरोबरची चटणीवाटी, भाजी शिजवलेलं पाणी, सगळ्यात कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचे पातळ काप घालून काढलेला दाशी असतो. “दाशी मो दामे देस” (दाशीही चालत नाही) हे आवर्जून म्हणा. पाकिटं आपणच वाचून द्यायची. आई-वडील विश्वासाने खातात, नंतर कळलं तर त्यांना फार लागतं. माझ्या आईचं झालंय तसं.

नाकामिसेतल्या निंग्योयाकीत अंडं असतं, ती नको. दाइफुकू चालेल. आत गोड चवळीसारख्या डाळीचं पुरण आणि वरून तांदळाच्या पिठाची पारी, आई उकडीच्या मोदकाशी जुळवून बघतील. टोकियो स्टेशनच्या फाटकाच्या आत टीज तानतान आहे, तिथले रामेन पूर्ण शाकाहारी.

शनिवारी एकादशी आहे, आळंदीची. आई नक्की धरतील. चिंता नको: बहुतेक सुपरमार्केटांत दाराशी तापलेल्या खड्यांवर याकिइमो ठेवलेली असतात. भाजलेली रताळी, आतून मधासारखी. काकी फळाचाही हंगाम आहे. आणि एका थर्मासात ताक घेऊन निघा.

– कावागुचीहून, ताई

*

उत्तर: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत

काकू, ताई, मनापासून आभार. फुजी काढला. बाबा नाराज होतील असं वाटलं होतं, फोनवर म्हणाले, “बरं झालं, मला माणसं बघायची आहेत.”

एकच विचारतो. व्हीलचेअर भाड्याने घेऊन ठेवू का?

– निशिकासाईहून

*

उत्तर: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत

आधी त्यांना विचार. न विचारता दारात आणून ठेवू नकोस, मनाला लागतं. घडीची काठी आणि पाठीवरच्या पिशवीत मावणारं घडीचं स्टूल घे. इथे रस्त्याकडेला बसायला जागा कमी. मेइजी जिंगूच्या खडीवर चाकं रुततात, पण स्टूल कुठेही टेकतं.

– ओजीची काकू

*

उत्तर: आई-बाबा पहिल्यांदाच टोकियोला येतायत

मंडळी, आई-बाबा काल विमानात बसले. तुमच्यासाठी लिहायलाच हवं.

मात्सुचियामाला आम्ही साडेदहाला पोचलो. आईने मुळा विकत घेतला, चप्पल काढून आत गेली आणि अथर्वशीर्ष म्हणायला लागली. हळू आवाजात, पण पूर्ण. शेजारी एक आजी गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि आई संपवेपर्यंत तशाच हात जोडून थांबल्या. मग दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला. एकाही शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. निघताना प्रसादाचा मुळा मिळाला. रात्री आईने दही घालून त्याची कोशिंबीर केली, वर हिंगाची फोडणी. आम्ही तिघांनी शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ली.

सुगामोला बाबा रांगेत पाऊण तास उभे राहिले. स्टूल दिलं तर बसले नाहीत. त्यांच्या पुढे साधारण त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनीही उजवाच गुडघा पुसला. वळून बाबांच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, बाबांनी मान हलवली. काकू, तुम्ही तिथे होतात, बाकीच्यांसाठी सांगतो: पुढचे दोन दिवस बाबा त्या माणसाबद्दलच बोलत होते. त्यांचं ऑपरेशन झालं असेल का, कुठे झालं असेल, जिने चढतात का.

एक चूक मात्र झाली. रविवारी संध्याकाळी दोघं ताजेतवाने दिसत होते म्हणून मी आयत्या वेळी रोप्पोंगीला दिवे दाखवायला नेलं. ओएदो लाइनचा फलाट तिथे जमिनीखाली ४२ मीटरवर आहे. सरकत्या जिन्यांवर एकामागून एक चढताना बाबांनी कठडा घट्ट धरला होता. लिफ्टची वाट मी आधी बघून ठेवली नव्हती. परतताना टॅक्सी केली. काकूंचं ऐकलेले चार दिवस आणि न ऐकलेली ही एक संध्याकाळ, फरक मला दिसला. ज्यांचे आई-वडील एप्रिलमध्ये येतायत त्यांनी हे स्टेशन टाळा.

हामारिक्यूला पोचलो तेव्हा ओहोटी होती, तळ्याच्या कडेचे दगड उघडे पडले होते. चहा पिऊन उठेपर्यंत त्यातले दोन पाण्याखाली गेले. बाबांनी मोजले होते.

काकू, उरलेला अर्धा मुळा आईने तुमच्यासाठी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलाय. शनिवारी घेऊन येतो.

– निशिकासाईहून