मदत हवी आहे: आईची अडकलेली अक्कलदाढ काढायची आहे, स्टेंटच्या गोळ्या चालू आहेत

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. आईसाठी माहिती हवी आहे. वय ६१, राहणार सातारा. खालची डावी अक्कलदाढ (३८) पुढच्या दाढेवर कलून अडकली आहे. सहा महिन्यांत दोनदा तिच्यावरची हिरडी सुजली. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दोन्ही वेळा अँटिबायोटिकने उतरलं. ओपीजी एक्सरेत (पूर्ण जबड्याचा एक्सरे) पुढच्या दाढेला (३७) मागच्या बाजूने कीड दिसते आणि ३८ची मुळं नसेच्या नळीला लागून आहेत असं लिहिलंय.

१४ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू. मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. त्यासाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. शिवाय सकाळ-संध्याकाळ मशेरी.

दाताचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करून या. हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन केला तर तिथल्या सहायकाने सांगितलं, दातवाले म्हणतील तसं करा. तर गोळ्या बंद करायच्या का? दाढ काढणं खरंच गरजेचं आहे का? आणि नसेचं प्रकरण किती गंभीर आहे?

वरणफळ

दाढ कशाला काढता, वरची हिरडी कापून घ्या. पाच मिनिटांचं काम.

डॉ_दाढदुखी

@वरणफळ, दाढ सरळ उभी असेल आणि वर यायला जागा असेल तरच त्याचा उपयोग. ही कललेली आहे. हिरडी कापली तरी ती पुन्हा वाढते आणि दोन दाढांमधली अन्न साठायची फट तशीच राहते.

@कंदीपेढा, आधी महत्त्वाचं: तुमच्या आईंच्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी) कायमच्या निकामी करतात. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं, म्हणून 'पाच दिवस' हा आकडा येतो. एका दाढेच्या जखमेतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं, कारण जागा डोळ्यांसमोर असते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक. दोन्ही धोके एका तराजूत घालण्यासारखे नाहीत. दोन्ही गोळ्या चालू ठेवून दाढ काढणं ही आज रूढ पद्धत आहे. रक्त थोडं जास्त वेळ झिरपतं, इतकंच.

हृदयरोगतज्ज्ञांना मात्र भेटाच, फोनवर सहायकाशी बोलून भागवू नका. बऱ्याच रुग्णांची दोनपैकी एक गोळी वर्षभराने थांबवतात. तुमचे १४ महिने झालेत, म्हणजे हा प्रश्न तसाही विचारायची वेळ आली आहे. क्लोपिडोग्रेल थांबणारच असेल तर ती थांबल्यावर दाढ काढा. थांबणार नसेल तर दोन्हींवर काढा. जे ठरेल ते लेखी घ्या.

काढणं गरजेचं आहे का? इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २००० सालीच सांगितलंय की त्रास न देणारी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पण इथे दोनदा संसर्ग झालाय आणि पुढची चांगली दाढ किडतेय. त्यामुळे काढावी, आणि सूज नसताना काढावी. सुजलेल्या हिरडीत भूल नीट चढत नाही. ३७ची कीडही ३८ काढल्याशिवाय भरता येणार नाही.

नसेबद्दल: ओपीजी हे सपाट चित्र, त्यात मूळ आणि नळी एकमेकांवर दिसली म्हणजे चिकटलेलीच असतात असं नाही. मूळ नळीवरून जाताना काळवंडलेलं दिसणं, नळीची पांढरी कड तुटणं किंवा नळीने वळण घेणं, यांतलं काही असेल तर सीबीसीटी हे त्रिमितीय स्कॅन करून घ्या. या नसेला इजा झाली तर खालच्या ओठाची आणि हनुवटीची डावी बाजू बधिर राहते. ओठ वाकडा होत नाही, फक्त स्पर्श कळत नाही. बहुतेकांची बधिरता काही आठवडे ते महिन्यांत जाते, थोड्यांची कायम राहते. जिभेची नस वेगळी, ती दाढेच्या आतल्या अंगाने जाते. संमतिपत्रावर सही करण्याआधी दोन्हींबद्दल विचारा.

स्कॅनमध्ये मुळं खरोखर नळीला बिलगलेली निघाली तर 'कोरोनेक्टॉमी' करता येते: दाढेचा माथा कापून काढायचा, मुळं हाडाच्या कडेच्या २–३ मिमी खाली ठेवून द्यायची. दाढ मुळापर्यंत किडलेली, हलणारी किंवा मुळाशी पू असलेली असेल तर हे चालत नाही. राहिलेली मुळं कधी कधी वर सरकतात आणि नंतर काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून दूर आलेली असतात.

हे काम एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ओरल सर्जनकडेच करा. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर डेंटल, दोन्हीकडे हा विभाग आहे.

औषधवाला

चिठ्ठी हातात आल्यावर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी बघा.

दाढ काढल्यावर सर्रास लिहिली जाते ती एसिक्लोफेनॅक + पॅरासिटामॉल + सेराशिओपेप्टिडेज ही गोळी. स्टेंट आणि दोन अँटिप्लेटलेट (प्लेटलेट निकामी करणाऱ्या वरच्या गोळ्या) असताना एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक यातलं काहीही नको. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातही अडथळा आणतं. साधं पॅरासिटामॉल ६५०, सहा-सहा तासांनी, दिवसाला चारपर्यंत. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही.

अ‍ॅसिडिटीची गोळी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल तर बदलून मागा, ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. पँटोप्राझोल चालतं.

आणि 'हृदयाचा पेशंट' म्हणून स्टेंटसाठी आधी अँटिबायोटिकचा मोठा डोस लागत नाही. तो कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) आणि काही जन्मजात हृदयदोषांसाठी असतो.

उकडीचे_मोदक

माझ्या वडिलांना अ‍ॅसिट्रोम चालू आहे. त्यांनाही हेच लागू का?

औषधवाला

नाही! ते रक्त गोठू न देणारं वेगळं औषध. त्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासावा लागतो, शक्यतो दाढ काढण्याच्या आदल्या २४ तासांतला. ४ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काढतात, काही सर्जन ३.५ धरतात. मेट्रोनिडाझोल किंवा तोंडात लावायचं मायकोनाझोल जेल लिहिलं तर लगेच सांगा, दोन्हींनी आयएनआर झपाट्याने चढतो. पुढचं नवीन धाग्यात विचारा, इथे दोन पेशंटांची सरमिसळ नको.

कंदीपेढा

खूप आभार. हृदयाच्या डॉक्टरांना समक्ष भेटलो. दोन्ही गोळ्या अजून चार महिने चालू ठेवायच्या, दाढ काढायला हरकत नाही, असं लिहून दिलंय. सीबीसीटीत मुळं आणि नळी यांत हाडाचा पातळ पडदा आहे, म्हणून सर्जन पूर्ण दाढ काढणार आहेत. आता तयारी काय करायची? साखरेच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या का? आणि भुलेत अ‍ॅड्रिनॅलिन असतं म्हणे, ते हृदयाला चालतं?

डॉ_दाढदुखी

पडदा आहे ही चांगली बातमी.

वेळ सकाळची घ्या, आणि शक्यतो सोमवार किंवा मंगळवार. रक्त पुन्हा सुरू झालं तर दवाखाना उघडा असतो. शनिवारी संध्याकाळी कधीच नको. जागेवरच्या भुलेत उपाशी राहायचं नसतं: नेहमीचा नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या देऊनच न्या. ७.८ ला थांबायची गरज नाही, पण सकाळची साखर बघून निघा. २००च्या वर असेल तर आधी फोन करा. बीपीही तिथे मोजायला सांगा, चढलेल्या बीपीत रक्त थांबत नाही.

अ‍ॅड्रिनॅलिन चालतं, मर्यादेत. हृदयरुग्णासाठी एका वेळी ०.०४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. १:८०,००० प्रमाणात ते मिसळलेल्या लिग्नोकेन या भुलेच्या औषधात ती साधारण ३ मिलिलिटरला गाठली जाते, १:२,००,००० मध्ये ८ मिलिलिटरला. सर्जनना स्टेंट माहीत असला की ते १:२,००,००० ची भूल निवडतील किंवा टोचण्या आखडत्या देतील. अ‍ॅड्रिनॅलिन अजिबात नको असा हट्ट मात्र धरू नका. भूल अर्धवट राहिली तर दुखण्याने शरीर स्वतःचं अ‍ॅड्रिनॅलिन याहून जास्त सोडतं.

प्रत्यक्ष कामाला ३० ते ६० मिनिटं. हिरडी बाजूला करतात, दाढेभोवतीचं हाड सलाइनच्या धारेखाली थोडं कोरतात, दाढेचे तुकडे करून काढतात, टाके घालतात. तुमच्या आईंच्या बाबतीत खड्ड्यात रक्त थांबवणारा सेल्युलोज किंवा जिलेटिन स्पंज ठेवून घट्ट टाके घालायला हवेत, हे आधीच बोलून घ्या. रक्त थांबल्याचं बघूनच तिथून निघा.

घरी: गॉज ४५ मिनिटं दाताखाली घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघितलं की गुठळी सोबत निघते. लाळ गिळायची, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नको, पहिले २४ तास चूळ नको. लाळ गुलाबी दिसणं चालतं. तोंड लाल रक्ताने भरत असेल तर नवा ओला गॉज अर्धा तास. सर्जन ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड लिहून देतील तर ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून १० मिलि पाण्यात कालवायची आणि गॉज त्यात भिजवून तो चावून धरायचा. गिळायचं नाही. अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्यांनीही थांबलं नाही तर सर्जन.

बाहेरून बर्फ पहिल्या दिवशी, २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्याला घाबरू नका. २४ तासांनंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर, खळखळून नाही, मान कलवून नुसतं फिरवायचं.

आता साखर. दाढ काढल्यावर जेवण घटतं आणि गोळ्या तितक्याच राहतात, इथे घोटाळा होतो. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाईल. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना धड खाणं-पिणं नसेल तर साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. खाणं निम्म्यावर आलं तर काय करायचं हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. गार नाचणीची आंबील, ताक-भात, मऊ मुगाची खिचडी चालेल. सगळे सांगतात ते आइस्क्रीम सोडा.

सातारची_मावशी

मशेरीबद्दल कुणी नीट बोललं नाही. निकोटिनने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि घासताना बोटाने गुठळी उकरली जाते. मग हाड उघडं पडतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, दुखणं कमी होत असताना अचानक कानापर्यंत ठणका आणि तोंडाला घाण वास आला की तेच समजायचं. त्यावर अँटिबायोटिक नाही, सर्जन खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात. निदान आठवडाभर आधी आणि दोन आठवडे नंतर मशेरी बंद. तलफेला १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे.

आणि सर्जनना गालाच्या आतली बाजू, हिरडीचा कोपरा तपासायला सांगा. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा काढलेल्या दाढेचा न भरणारा खड्डा, यांचा तुकडा तपासायला पाठवतातच.

कंदीपेढा

शेजारच्या काकू खड्ड्यात हळद आणि तुरटी भरायला सांगतायत. लवंग तेलही. आणि अन्न अडकलं तर?

डॉ_दाढदुखी

खड्ड्यात काहीही भरायचं नाही. लवंग तेलाने उघडी जखम भाजते, पूड टाक्यांत अडकून कुजते. काडी, टाचणीही नको. अन्न अडकलं तर पाचव्या-सहाव्या दिवसापासून, सर्जननी हो म्हटल्यावर, १० मिलिच्या बिनसुईच्या सिरिंजने कोमट मीठपाण्याची हलकी धार. रेशमी टाके असतील तर सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे आपोआप पडतात. ताप, हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज, जीभ वर उचलली जाणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका, मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात, रात्र असली तरी.