सगळी पदं एकाच फाइलीत कोंबू नका

सांगलीहून ज्यांनी विचारलंय (सव्वाशे नाट्यपदं, पेटी-तबल्याच्या ओळींसकट एकच लिलीपॉन्ड (नोटेशन छापायचं सॉफ्टवेअर) फाइल, चार जीबी रॅम, मधेच नुसतं ‘किल्ड’ लिहून काम बंद), त्यांच्यासाठी. काहींनी रॅम वाढवायला सुचवलंय, तो शेवटचा उपाय समजा.

आधी लॉगची (लिलीपॉन्ड चालताना छापत जातं त्या संदेशांची) शेवटची ओळ बघा. ‘पार्सिंग’वरच (फाइल वाचण्याच्या टप्प्यावर) अडकत असेल तर बहुधा एखादा इन्क्लुड (दुसरी फाइल आत ओढणारी आज्ञा) फिरून स्वतःलाच बोलावतोय. ‘फाइंडिंग द आयडियल नंबर ऑफ पेजेस’वर मरत असेल तर पानं तोडण्याचं गणित जड झालंय. तिथे पेपर ब्लॉकमध्ये (फाइलीतल्या पानाच्या सेटिंगच्या भागात) मिनिमल पेज ब्रेकिंग लावा. ते पान भरलं की पुढे सरकतं, पर्याय तोलत बसत नाही. पानांवरची मांडणी थोडी ओबडधोबड होते, पण प्रूफ वाचायला चालतं. पेज टर्न ब्रेकिंग (वाजवताना पान उलटायच्या सोयीने पानं तोडणं) लावलं असेल तर ते मात्र काढाच, ते बरीच मेमरी खातं.

बुकपार्टने (एकाच फाइलीत पुस्तकाचे भाग पाडून) हे गणित तुकड्यांत होतं, पण प्रोसेस एकच राहते. म्हणून खरा इलाज: नाटकाच्या अंकांप्रमाणे दहा-पंधरा पदांच्या वेगळ्या फाइली, प्रत्येकीत फर्स्ट पेज नंबर (पहिल्या पानाचा क्रमांक) हाताने, आणि शेवटी क्यूपीडीएफ या पीडीएफ जोडणाऱ्या प्रोग्रामने जोडणी. घाईत जॉब काउंट (एकाच वेळी किती फाइली चालवायच्या तो आकडा) चार करू नका, चार प्रोसेस एकदम रॅम मागतील.

विंडोजवर लिलीपॉन्डची २.२२ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर ती ३२ बिटची, तिला ठरावीक मर्यादेपलीकडे मेमरी वापरताच येत नाही, म्हणजे रॅम वाढवूनही फायदा नाही. २.२४ टाका.